पुण्यातून रात्रीची मीडियम वेव्ह: दूरची केंद्रं पकडायची कशी

दुपारी पुण्यातल्या साध्या रेडिओवर मीडियम वेव्ह फिरवली तर पुणे केंद्राचं ७९२ किलोहर्ट्झ ठणठणीत लागतं, मुंबईची ५५८ आणि १०४४ जरा बारीक आवाजात ऐकू येतात आणि बाकी पट्टा जवळजवळ रिकामा असतो. त्याच रेडिओवर, त्याच जागी, रात्री आठ वाजता कन्नड, तेलुगू, गुजराती, तमिळ, बांगला एकापाठोपाठ एक येऊ लागतात. अकरानंतर भारताबाहेरच्या भाषाही कानावर पडतात. त्यासाठी महागडा संच लागत नाही. दूरच्या केंद्राच्या लहरी आपल्या गच्चीपर्यंत पोहोचलेल्या असतातच, पण घरातल्या दिव्यांच्या, चार्जरच्या आणि शेजारच्या ताकदवान केंद्राच्या गलबल्याखाली त्या दबून जातात. म्हणून दूरची केंद्रं ऐकण्याच्या या छंदातली निम्म्याहून अधिक मेहनत नको तो आवाज काढून टाकण्यात जाते. नवशिके नेमकी ती पायरी सोडून आधी लांबलचक एरियल लावायला धावतात.

घड्याळ आणि सूर्य

दिवसा सूर्यप्रकाशामुळे सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांचा जो थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात. मीडियम वेव्हच्या वर जाणाऱ्या लहरी तो शोषून घेतो. त्यामुळे दिवसा फक्त जमिनीलगत येणाऱ्या लहरी ऐकू येतात आणि त्यांचा पल्ला शंभर-दोनशे किलोमीटरचा. सूर्य मावळला की हा थर झपाट्याने विरतो. मग लहरी त्याच्या वरच्या ई आणि एफ थरांपर्यंत जातात, तिथून परततात आणि हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात.

यातून एक फार उपयोगी नियम निघतो. केंद्र आणि आपण यांच्यामधल्या सगळ्या वाटेवर अंधार असला तरच ते केंद्र नीट लागतं. पूर्वेला अंधार आधी पडतो. डिसेंबरात कोलकात्याचा सूर्य पाचच्या आसपास मावळतो आणि पुण्याचा सहाच्या. म्हणजे पुण्यात दिवेलागण होते तेव्हा पूर्वेकडची सगळी वाट काळोखात असते आणि संध्याकाळी आधी पूर्वेची केंद्रं उघडतात. दुबईचा सूर्यास्त आपल्या घड्याळात सातच्या सुमारास होतो, त्यामुळे आखाताकडची वाट त्यानंतर मोकळी होते. पहाटे हाच क्रम चालतो. डिसेंबरात कोलकात्यात सव्वासहाला उजाडतं आणि पूर्वेची केंद्रं विरू लागतात. पुण्यात सात वाजता उजाडतं, पण आखातात आपल्या साडेआठपर्यंत सूर्य उगवलेला नसतो. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेसात या तासात पश्चिमेकडची केंद्रं मोकळेपणाने ऐकता येतात. नवीन माणसाने रात्रभर जागत बसण्यापेक्षा सूर्यास्तानंतरचा दीड तास आणि सूर्योदयाभोवतीचा एक तास धरावा.

रात्रीत आणखी एक वळण असतं. आकाशवाणीची बहुतेक केंद्रं अकरा ते सव्वाअकराच्या सुमारास सभा संपवतात. त्या क्षणी पट्ट्याचा मोठा भाग रिकामा होतो आणि त्यांच्याखाली दबलेली परदेशी केंद्रं वर येतात. ७९२ चंच उदाहरण घ्या. रेडिओ नेपाळचं काठमांडूचं प्रक्षेपण याच फ्रिक्वेन्सीवर आहे. पुणे केंद्र चालू असताना पुण्यात ते ऐकू येणं अशक्य. पुण्याची सभा संपल्यावर किंवा पहाटे सुरू होण्याआधी मात्र तिथे कान लावून बसायला हरकत नाही.

ऋतूंचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाच्या विजांची कडकड शेकडो किलोमीटरवरून मीडियम वेव्हवर येते. रात्री तर ती लहरींसारखीच उड्या मारत येते, म्हणून पुण्यात आभाळ स्वच्छ असूनही रेडिओ सतत तडतडत राहतो. अशा रात्री संच बंद करून झोपलेलं बरं. सौर डागांचाही, म्हणजे सूर्यावर कमी-जास्त होणाऱ्या काळ्या डागांचाही, संबंध आहे. सूर्य शांत असताना मीडियम वेव्ह जास्त चांगली चालते. हे डाग वाढण्या-घटण्याच्या सध्याच्या सौरचक्राचा भर २०२४ च्या सुमारास येऊन गेला, म्हणजे पुढची काही वर्षं चढत्या संधीची आहेत.

रेडिओ कोणता

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर आधी तोच काढा. त्यात फेराइट रॉड, म्हणजे मीडियम वेव्ह पकडणारी, वर तार गुंडाळलेली काळी कांडी, किती लांब आहे ते बघा. १५ ते २० सेंटिमीटरचा असेल तर तो आजच्या बऱ्याच खिशातल्या संचांपेक्षा चांगलं ऐकेल. आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या गंजलेल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा. आतल्या कॉइलचे मेण लावलेले स्क्रू मात्र हौसेने फिरवू नका. ॲलाइनमेंट, म्हणजे या कॉइलची आपसातली जुळणी, एकदा बिघडली की सिग्नल जनरेटरशिवाय ती परत जुळवणं कठीण. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असे संच मिळतात. घेताना सेल सोबत न्या, मीडियम वेव्ह लावून बघा आणि संच आडवा फिरवल्यावर ७९२ चा आवाज कमी-जास्त होतो का ते तपासा. होत नसेल तर रॉड तुटलेला आहे किंवा कॉइलची तार सुटलेली आहे.

नवीन घ्यायचा तर आकडे दाखवणारा डिजिटल संच घ्या. टेकसनचे पीएल-३१०ईटी किंवा पीएल-३३०, एक्सएचडेटाचा डी-८०८ हे संच या कामात नावाजलेले आहेत. बघायच्या गोष्टी अशा: ध्वनिपट्टीची रुंदी बदलता यावी, कारण शेजारच्या केंद्राचा त्रास ६ किलोहर्ट्झवर होतो तो ३ वर बराच जातो. एक-एक किलोहर्ट्झने सरकता यावं. सिंगल साइडबँड, म्हणजे केंद्राच्या लहरीची वरची किंवा खालची एकच बाजू ऐकण्याची सोय, असेल तर उत्तम. आणि तो सेलवर चालावा, कारण यूएसबी ॲडाप्टर लावताच मीडियम वेव्ह बहुधा निकामी होते.

संच हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याची पायरी ९ किलोहर्ट्झवर आणणं. आपल्याकडे केंद्रं ५३१ पासून १६०२ पर्यंत नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, अमेरिकेत हे अंतर दहा आहे. संच अमेरिकन पायरीवर राहिला तर ७९२ ऐवजी ७९० दिसतं, आवाज फाटका येतो आणि माणूस उगाच संचाला दोष देतो. आपल्या पट्ट्यातला कोणताही अधिकृत आकडा नऊने भागला जातो, म्हणजे त्यातल्या अंकांची बेरीजही नऊच्या पटीत येते. ७९२ चे अठरा, १०४४ चे नऊ. नोंद करताना आकडा चुकला का ते यावरून लगेच कळतं.

ऐकण्यासाठी परवाना लागत नाही. पूर्वी घरोघरी पोस्टात शुल्क भरून रेडिओचा परवाना घ्यावा लागे, ती पद्धत कधीच बंद झाली. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागतो तो प्रक्षेपण करायला.

घरातली खरखर हुडकणं

हे काम दिवसा करा. रेडिओ सेलवर चालवा आणि जिथे काहीच लागत नाही अशी एखादी रिकामी फ्रिक्वेन्सी लावा. आवाज पुरेसा मोठा ठेवा. आता घरातला मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली गेली तर दोषी तुमच्याच घरात आहे. मग एमसीबी एक-एक करून चालू करा, ज्या एमसीबीला घरघर परत येते त्या खोलीतल्या वस्तू एकेक काढून बघा.

गुन्हेगार ठरलेले असतात. स्वस्त एलईडी बल्ब आणि ट्यूब, मोबाइलचे चार्जर, वाय-फाय राउटरचा ॲडाप्टर, सेट-टॉप बॉक्स, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर. रेग्युलेटरची घरघर ओळखायची सोपी खूण आहे: पंखा पूर्ण वेगावर नेला की ती कमी होते किंवा जाते. चार्जरची खरखर पट्ट्यावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते आणि हळूहळू सरकते. चार्जरला मोबाइल जोडलेला नसला तरी तो खरखर करतो, म्हणून भिंतीतून काढूनच ठेवा. मेन स्विच बंद करूनही गोंगाट तसाच राहिला तर तो शेजारून, लिफ्टच्या मशीनमधून, सोसायटीच्या सोलर इन्व्हर्टरमधून किंवा रस्त्यावरच्या विजेच्या खांबावरून येतोय. खांबावरचा इन्सुलेटर सैल किंवा तडकलेला असेल तर पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत चरचर ऐकू येते आणि पहिल्या सरीनंतर ती बदलते. अशी तक्रार महावितरणकडे खांबाच्या क्रमांकासह द्यावी.

देखभालीसाठी परिसराची वीज बंद असते तेव्हा रेडिओ हातात घेऊन सगळ्या खोल्यांतून आणि गच्चीवर एक फेरी मारा. त्या दहा मिनिटांत तुमच्या जागेची खरी कुवत कळते. त्या वेळी मुंबईचं ५५८ स्वच्छ येत असेल आणि वीज आल्यावर गढूळ होत असेल, तर जागा चांगली आहे आणि काम फक्त खरखरीचं आहे. वीज नसतानाही ते आलं नाही तर भिंतींचा दोष. आरसीसीच्या इमारतीत सळयांचं जाळं असतं, त्यामुळे मधल्या खोलीत लहरी फारशा येत नाहीत. खिडकीला लागून किंवा बाल्कनीच्या कठड्याजवळ चार पावलांनी मोठा फरक पडतो.

गच्ची सगळ्यात बरी, पण तिथेही लिफ्टच्या खोलीपासून, पंपाच्या स्टार्टरपासून आणि सोलर पॅनेलच्या वायरींपासून लांबचा कोपरा निवडा. शहर सोडून जायचं असेल तर मुळशी, पानशेत, वेल्हे, पुरंदर या बाजूंना वस्तीपासून आणि हाय टेन्शनच्या तारांपासून निदान अर्धा किलोमीटर दूरची जागा बघा. वन विभागाच्या टेकड्यांवर आणि गडांवर रात्री थांबायला सहसा परवानगी नसते, म्हणून ओळखीच्या माणसाचं शेत हा सर्वोत्तम पर्याय. गाडीचं इंजिन बंद ठेवा आणि गाडीपासून थोडं दूर बसा. खोडदची जीएमआरटी दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांसह पुण्याच्या उत्तरेला साधारण ऐंशी किलोमीटरवर उभी आहे. ती वेगळ्या, खूप वरच्या फ्रिक्वेन्सींवर काम करते, पण तिच्यासाठी शहरापासून दूर जागा निवडताना जो विचार झाला तोच इथेही लागू आहे: आधी शांतता, मग यंत्र.

रेडिओ फिरवा

फेराइट रॉडला दिशा असते. रॉडच्या आडव्या बाजूने येणाऱ्या लहरी जोरात येतात, टोकांच्या रेषेत येणाऱ्या जवळजवळ गायब होतात. जोराची दिशा पसरट असते, थोडं इकडेतिकडे फिरवून काही कळत नाही. गायब होण्याची दिशा मात्र धारदार असते, पाच-दहा अंशांत काम तमाम. म्हणून अनुभवी माणूस रेडिओ हव्या असलेल्या केंद्राकडे तोंड करून ठेवत नाही. नको असलेल्या केंद्राकडे किंवा खरखरीकडे तो रॉडचं टोक रोखतो. बहुतेक संचांत रॉड वरच्या कडेला आडवा असतो, म्हणजे रेडिओची डावी-उजवी बाजू हीच त्याची टोकं.

सराव ७९२ वर करा. दिवसा रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू गोल फिरवा. एका जागी पुणे केंद्र एकदम बसेल. तेव्हा रॉडचं टोक हडपसरच्या प्रक्षेपकाकडे आहे. मगरपट्टा, अमनोरा, हडपसर भागात राहणाऱ्यांना ही दिशा पाठ असायलाच हवी, कारण त्यांच्या संचाला पुणे केंद्र इतकं जोरात मिळतं की आजूबाजूच्या ७८३ आणि ८०१ वर दुसरं काही ऐकणं अवघड जातं.

दुसरा सराव रात्रीचा. १००८ किलोहर्ट्झ कोलकाता ब केंद्राची आहे आणि रेडिओ पाकिस्तानच्या सिंधमधल्या हैदराबादचीही. पुण्यातून कोलकाता साधारण पूर्व-ईशान्येला, तर सिंध वायव्येला. दोन दिशांमध्ये काटकोनाहून थोडं अधिक अंतर आहे. रॉडचं टोक कोलकात्याकडे केलं की बांगला मागे जाते आणि दुसऱ्या केंद्राला वाट मिळते. फिरवून उलट करा. रात्रीच्या लहरी आकाशातून तिरप्या येतात, म्हणून सपाट फिरवून पूर्ण शांतता मिळत नाही. त्या वेळी रेडिओ एका बाजूने थोडा उचलून तिरका करून बघा, बऱ्याचदा उरलेला आवाजही बसतो.

लूप बांधणं

खिशातल्या रेडिओला सगळ्यात मोठी मदत होते ती वायरच्या लूपची. तिला वीज लागत नाही, रेडिओला जोडावंही लागत नाही, नुसतं शेजारी ठेवायचं. वरून ती स्वतः एका फ्रिक्वेन्सीला जुळलेली असल्याने दुसऱ्या ताकदवान केंद्रांचा मारा वाढवत नाही. गच्चीवर टाकलेल्या लांब वायरीचा नेमका हाच दोष आहे: ती सगळंच वाढवते, खरखरीसकट.

सामान: ८५ सेंटिमीटर लांबीच्या दोन लाकडी पट्ट्या, त्यांच्या टोकांना लावायला १० सेंटिमीटर लांबीचे चार आडवे तुकडे, प्लास्टिक वेष्टनाची बारीक बहुतारी वायर ३६ मीटर आणि एक गँग कंडेन्सर, म्हणजे जुन्या रेडिओतला काटा फिरवणारा हवेचा गँग. वायर आणि बाकी किरकोळ सामान तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल. हवेचा गँग जुन्या बाजारात किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या भंगारात शोधावा लागतो.

१. दोन्ही पट्ट्या मधोमध खाच पाडून एकमेकींत बसवा, फुली तयार होईल. कर्ण ८५ सेंटिमीटर असल्याने चौकोनाची बाजू साधारण ६० सेंटिमीटर येते.

२. चारही टोकांना आडवे तुकडे असे बसवा की ते फुलीच्या पातळीला काटकोनात राहतील. त्यांवर ६ मिलिमीटर अंतराने चौदा खाचा करवतीने पाडा. वेढे एकमेकांना चिकटले तर त्यांच्यात वाढणाऱ्या कपॅसिटन्समुळे, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेमुळे, वरची फ्रिक्वेन्सी गाठता येत नाही. खाचा त्यासाठीच.

३. १४ वेढे ताणून गुंडाळा. वायर सैल राहिली तर वाऱ्याने हलते आणि जुळणी सरकते.

४. वायरची दोन टोकं गँगला जोडा: एक टोक स्थिर पट्ट्यांना, दुसरं सांगाड्याला. फिरत्या पट्ट्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. सोल्डरचा डाग नीट द्या, कोरडा डाग म्हणजे निम्मा जोर गेला.

५. लूप रेडिओपासून १०-१५ सेंटिमीटरवर ठेवा. रेडिओचा रॉड लूपच्या पातळीला काटकोनात, म्हणजे चौकोनातून आरपार जाणाऱ्या काठीसारखा असायला हवा. रॉड लूपच्या पातळीत समांतर ठेवला तर काहीच होत नाही आणि लोक लूप बिघडली असं समजतात.

६. रेडिओवर एखादं बारीक केंद्र लावा आणि गँग हळू फिरवा. एका अचूक जागी आवाज उसळतो. तीच जुळणी. एक पायरी पुढे गेलात की गँग परत जुळवावा लागतो, तो अगदी थोडासा.

हवेच्या गँगचा एक भाग ३६५ पिकोफॅरडच्या (हे कपॅसिटन्सचं एकक) आसपास असेल तर १४ वेढे ५३१ च्या थोडं खालीच पोहोचतात. वरच्या बाजूला १६०२ पर्यंत जुळणी मिळत नसेल तर एक वेढा कमी करा. गँग ५०० पिकोफॅरडचा असेल तर ११ वेढे पुरतात. छोट्या ट्रान्झिस्टरमधला प्लास्टिकचा गँग वापरायचा तर त्याच्या बाजूच्या दोन पायांना एकत्र जोडा, मधला पाय वेगळा ठेवा. तरीही एकूण २२० पिकोफॅरडच्या आसपासच मिळतात आणि १४ वेढ्यांवर जुळणी ६४० च्या खाली जात नाही. उपाय सोपा आहे: १५० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर स्विचमधून समांतर जोडा. स्विच बंद असताना वरचा पट्टा, चालू केल्यावर खालचा.

कुठेच जुळणी मिळाली नाही तर गँगच्या पट्ट्या एकमेकींना घासताहेत का ते मल्टिमीटरने बघा. पूर्ण फिरवतानाही सातत्य, म्हणजे विजेला सलग वाट, दाखवायला नको. जुळणी मिळते पण धार नाही, असं असेल तर लूप लोखंडी ग्रिलला किंवा पत्र्याच्या टेबलाला लागून आहे. हात जवळ नेल्यावर जुळणी सरकत असेल तर गँगच्या दांड्याला प्लास्टिकची लांब मूठ बसवा आणि सांगाड्याकडचं टोक हाताच्या बाजूला येऊ द्या.

लूप आणि रेडिओ दोन्ही एकाच फिरत्या पाटावर ठेवले तर दिशा साधणं फार सोपं होतं. चौकोनाची कड ज्या दिशेला, तिकडून जोर. चौकोनाचं तोंड ज्या दिशेला, तिकडून शांतता.

विजांचा पाऊस दिसत असेल तर गच्चीवरचं हे सगळं गुंडाळून खाली या.

पट्ट्यावर काय शोधायचं

सुरुवात जवळच्यांपासून करा, म्हणजे दिशा आणि भाषा दोन्ही कानात बसतात. धारवाड ७६५, हैदराबाद ७३८, बेंगळुरू ६१२, अहमदाबाद ८४६, राजकोट ८१०, इंदूर ६४८, पणजी १२८७. ही थंडीच्या दिवसांत सूर्यास्तानंतर तासाभरात यायला हवीत. मग चेन्नई ७२०, तिरुचिरापल्ली ९३६, विजयवाडा ८३७, दिल्ली ८१९ आणि ६६६, लखनौ ७४७, जालंधर ८७३, कोलकाता ६५७. महाराष्ट्रातली छोटी केंद्रं उलट अवघड: सोलापूरचं १६०२ हे फक्त एक किलोवॉटचं केंद्र, पट्ट्याच्या अगदी टोकाला. ते पुण्यात ओळखीसह मिळवणं हे दिल्ली ऐकण्यापेक्षा मोठं काम आहे. आकाशवाणी गेली काही वर्षं मीडियम वेव्हचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करत आहे, म्हणून आठवडाभर एखादं केंद्र लागलंच नाही तर स्वतःच्या लूपवर शंका घेण्याआधी ते चालू आहे का ते तपासा.

भारताबाहेरच्यांत श्रीलंकेच्या पुत्तलमहून येणारं ट्रान्स वर्ल्ड रेडिओचं ८८२ हे सोपं लक्ष्य. अंतर सुमारे १,३०० किलोमीटर, दिशा दक्षिण-आग्नेय. ढाक्याचं ६९३ हे बांगलादेश बेतारचं मोठं प्रक्षेपण, १,८०० किलोमीटरवरून. खरी मजा १४६७ ची: किर्गिझस्तानातलं प्रक्षेपण, पुण्यापासून सुमारे २,७०० किलोमीटर, जवळजवळ सरळ उत्तरेला. लूपची कड उत्तर-दक्षिण ठेवली की पूर्व-पश्चिमेची गर्दी आपोआप कमी होते. मात्र सूर्यावर वादळ उठलेलं असेल तर उत्तरेच्या वाटा आधी मरतात आणि दक्षिणेच्या टिकतात. ८८२ जोरात आणि १४६७ गप्प, असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

काही फ्रिक्वेन्सींवर नुसता सपाट, एकसुरी खळखळाट लागतो, न वाढणारा न कमी होणारा. ती खरखर नसून आकाशवाणीचं डीआरएम हे डिजिटल प्रक्षेपण असतं. साध्या रेडिओवर ते उलगडत नाही. त्याच्या शेजारचं केंद्र ऐकायचं असेल तर खळखळाटापासून दूरच्या बाजूला एक-दोन किलोहर्ट्झ सरकून ऐका.

सगळ्यात मोठा गुण म्हणजे थांबण्याचा. रात्रीच्या लहरी दर काही मिनिटांनी चढतात आणि उतरतात. आत्ता जिथे काही नाही तिथे चार मिनिटांनी स्पष्ट बातम्या येऊ शकतात. सतत बटण फिरवत राहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. एका फ्रिक्वेन्सीला निदान दहा मिनिटं द्या. आवाज चढलेला असतानाही घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा होत असेल तर सिंगल साइडबँड लावा. वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू ऐकून जिकडे शेजारचं केंद्र कमी त्रास देतं ती निवडा.

हे केंद्र कोणतं?

भाषा कळली म्हणजे केंद्र कळलं असं नाही. रात्री पावणेनऊला हिंदी आणि नऊला इंग्रजी बातम्या दिल्लीहून देशभरातली केंद्रं एकाच वेळी घेतात, त्यामुळे त्या पंचवीस-तीस मिनिटांत सगळा पट्टा एकच बोलतो. ओळख पटवायची तर त्याच्या आधीची आणि नंतरची दोन मिनिटं पकडा, तेव्हा स्थानिक निवेदक केंद्राचं नाव घेतात. तसंच तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्याला, आणि सभा संपताना.

पहाटेची सुरुवात तर सोन्यासारखी. सहाच्या आधी आकाशवाणीची ओळखधून वाजते, मग वंदे मातरम, मग केंद्राचं नाव आणि फ्रिक्वेन्सी. १९३६ मध्ये वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली ही धून इतक्या खरखरीतूनही ओळखू येते की निव्वळ तिच्या सुरुवातीवरून कोणत्या फ्रिक्वेन्सीवर भारतीय केंद्र जागं झालं ते कळतं. नाव ऐकण्यासाठी मात्र रेकॉर्डिंग लावून ठेवा. रेडिओच्या इअरफोनच्या खोबणीतून रेकॉर्डरला वायर जोडा. मोबाइल वापरत असाल तर तो चार्जिंगला नसावा आणि रॉडपासून हातभर दूर असावा.

खात्रीसाठी आकाशवाणीच्या न्यूज ऑन एआयआर ॲपवर त्या केंद्राचा थेट प्रवाह लावून ताडून बघता येतं. ॲपवरचा आवाज रेडिओपेक्षा काही सेकंद मागे असतो, म्हणून एक वाक्य रेडिओवर ऐका आणि ते ॲपवर येतं का त्याची वाट बघा. पण दोन केंद्रं एकच दिल्लीचा कार्यक्रम घेत असतील तर हे जुळणं पुरावा ठरत नाही.

खोट्या केंद्रांपासूनही सावध राहा. पुणे केंद्राची दुप्पट फ्रिक्वेन्सी १५८४ येते. तिथे पुण्याचाच कार्यक्रम ऐकू आला तर तो बहुधा तुमच्या संचातच तयार झालेला असतो. पुणे आणि मुंबई मिसळून १०२६ वर (दोनदा ७९२ वजा ५५८) आणि ५४० वर (दोनदा ७९२ वजा १०४४) अशीच भुतं उमटू शकतात. लूप दूर सारली किंवा रॉडचं टोक पुणे केंद्राकडे रोखलं आणि भूत एकदम नाहीसं झालं, तर ते भूतच. जुन्या संचांत ४५५ किलोहर्ट्झची मधली फ्रिक्वेन्सी असते, म्हणजे आलेली लहर संच आत या फ्रिक्वेन्सीवर बदलून घेतो, म्हणून ९०९ आणि १३६८ जवळ शिट्टी वाजते आणि वरच्या टोकाची केंद्रं ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा डोकावतात. एखादी अनपेक्षित भाषा खालच्या टोकाला लागली तर तिच्यात ९१० मिळवून तिथे काय चालू आहे ते आधी बघा.

नोंद आणि पावती

नोंदवहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, ऐकलेला मजकूर, रेडिओची दिशा आणि खरखर कशी होती हे लिहा. परदेशी केंद्रासाठी वेळ जागतिक प्रमाणवेळेतही लिहावी लागते: आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. मध्यरात्रीनंतर साडेपाचपर्यंत आपली तारीख त्यांच्या एक दिवस पुढे असते, तिथे चुका फार होतात. केंद्राला ऐकल्याचा अहवाल पाठवला तर काही केंद्रं पावती म्हणून क्यूएसएल कार्ड देतात. आकाशवाणीत हे काम दिल्लीतल्या स्पेक्ट्रम व्यवस्थापन विभागाकडे आहे. अहवालात निदान पंधरा मिनिटांचा तपशील हवा: कोणतं गाणं, निवेदकाने काय सांगितलं, कोणत्या मिनिटाला जाहिरात आली. नुसतं "आवाज छान येत होता" लिहून चालत नाही, कारण त्यावरून तुम्ही त्यांचंच केंद्र ऐकलंत हे ठरवता येत नाही. ग्रहणाचा दर्जा पाच आकड्यांच्या सिनपो पद्धतीने द्यावा: ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, चढ-उतार आणि एकूण गुण, प्रत्येकी एक ते पाच, पाच म्हणजे उत्तम. रात्रीच्या मीडियम वेव्हवर दूरच्या केंद्राला प्रामाणिकपणे ३२३२२ दिलेले गुण अभियंत्याला ५५५५५ पेक्षा जास्त उपयोगी पडतात. त्यासोबत संचाचं नाव, लूपचं माप आणि पुण्यातला भाग कळवा, म्हणजे त्यांचा प्रक्षेपक किती अंतरावर कसा पोहोचतो ते त्यांना नकाशावर मांडता येईल.